चार डब्यांची खंडेनवमी

माह्या नकलांनी कोनाचं काई वाकडं झालं नाई, असं मी चारचौघांत सांगत असतो. ते खोटं हाय. एका मानसाची नोकरी माह्या नकलेपायी जात होती. थोडक्यात राह्यली, आन तेही माह्यामुळं नाई.

त्या मानसाले आमी सारे मामा म्हनत होतो. वाशीमच्या आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या लॅबचे ते अटेंडंट. जऊळक्याहून रोज पॅसेंजरनं येत, डबा एका हातात, चपला दुसऱ्या हातात, कारन स्टेशनापासून कॉलेजापर्यंतचा रस्ता चिखलाचा. तीन वर्सं रोजंदारीवर होते. विद्यापीठाची कमिटी येऊन फिजिक्सच्या शेवटच्या वर्साले मंजुरी देनार, आन त्या मंजुरीसंग लॅब अटेंडंटची एक कायम जागा मिळनार, असं ठरलेलं होतं. ती जागा मामाची, हे साऱ्या कॉलेजाले माहीत होतं. सगळं घोडं अडलं होतं ते कमिटीपाशी.

आन कमिटीले दाखवाले आमच्यापाशी एकच चीज होती. सीआरओ, म्हनजे करंटची रेघ काचेवर काढून दाखवनारी मशीन.

तो कसा आला ते सांगतो. मुंबईच्या कोन्या मोठ्या प्रयोगशाळेनं जुना झाला म्हनून काढून टाकला, आन आमच्या सरांच्या कोन्या दोस्तानं तो आमच्याकडं धाडला. मालगाडीनं मोठी लाकडी पेटी आली. स्टेशनावरून बैलबंडीत घालून आनली, मामा पेटीवर बसून. बाजारातले लोक टोप्या काढून बाजूले झाले. त्यायले वाटलं कॉलेजात मयत चाललं.

पेटीतून निघालं ते वासराएवढं धूड. निळसर रंग, तोंडावर गोल हिरवी काच, आन काचेखाली चौकोनी भगदाड. नुसत्या धुडाले काईच येत नव्हतं. त्याच्यासंग चार डबे आले होते, एकेक शाळेच्या दप्तराएवढा. सर त्यायले प्लग-इन म्हनत, आमी डबे. भगदाडात जो डबा घालसान तेवढंच काम ते धूड करे. एक डबा साधा. एक बारीक, म्हनजे मुंगीच्या पावलाएवढा करंटही दाखवे. एक लय घाईचा. आन चवथा दोनरेघी, एकाच काचेवर दोन रेघा संगसंग काढनारा. सर म्हनत, "हे एक कुटुंब आहे, लक्षात घ्या. थोरला एक, धाकटे चार. धाकट्यांशिवाय थोरला मुका."

सर पुन्याकडचे. दर वाक्यात त्यायचं "लक्षात घ्या" असे, आन ते नाकातून निघे, जसं काई नाकात एक धाकटा सर बसला हाय. मी पहिल्याच आठवड्यात तो आवाज उचलला. सरांचा, प्राचार्यांचा, बसस्टँडवरच्या कंट्रोलरचा, आमच्या किन्हीराजा गावच्या भटजीचा, समदे आवाज माह्या गळ्यात होते. पोट्टे म्हनत, "बे, तूबी सीआरओच हायेस. डबा बदलला का आवाज बदलते."

एकदा सरांनी मायक्रोफोन जोडून दाखवला. ते बोलले, काचेवर हिरवी वेटोळी नाचली. मंग त्यायनं मलेच पुढं ओढलं. "ये, फार नकला करतोस ना माझ्या? कर." मी केली. साऱ्या वर्गाले डोळे मिटून ओळखू येईना कोन बोलून राह्यलं. पन काचेवरची वेटोळी येगळीच निघाली. मामा मागून म्हनले, "पोट्ट्या, मानसं फसतीन. हे नाई फसत."

मशीन शिकले ते मामाच. सातवी पास मानूस, पन कोनचा डबा कवा तापते, कोनचं बटन कड्डक हाय, सारं त्यायले पाठ. डबा काढाच्या आधी बंद करत, मनातल्या मनात साठ मोजत, मंग खालचा स्क्रू फिरवून डबा दोन्ही हातांनी, बाळंतिनीचं पोर उचलावं तसा बाहेर. चालू करतानाही एक गंमत होती. बटन दाबलं का पंखा घरघरे, मागं बल्बासारखे काचेचे व्हॉल्व लाल होत, पन काच काळीच. तीसेक सेकंद काई नाई. मंग आतून एक आवाज येई, खट्. तवा रेघ उमटे. ते तीस सेकंद सरही बोलत नसत.

मंग आली खंडेनवमी.

हत्यारं पुजाचा दिवस. ऑफिसातल्या हेडक्लार्कनं हुकूम काढला, ज्यानं त्यानं आपापल्या खोलीतल्या सामानाची पूजा करावी, दसऱ्याले कॉलेज बंद. सर आदल्या दिवशीच गावाले गेले होते. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी कमिटी येनार होती, त्याच्या आदल्या सांजच्याले ते परतनार होते.

मामा दुपारच्या गाडीनं नागपूरले निघाले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, बगलेत पिशवी. दरसाली दसऱ्याले जात.

"मामा, पूजा?" मी इचारलं.

"आमच्या घरी छप्पन सालापासून हे बंद हाय. तुमाले करायची तं करा." त्यायनं चावी कमरेची सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. "हे पाय. रजिस्टरवर चावी माह्या नावावर हाय. कोनाच्या हाती द्यायची नाई, असा नियम हाय. तरी तुले देतो, काहून का तूच एक जन असा हायेस जो मशीनले हात लावाच्या आधी हात पुसते."

"मामा, मी हाय ना."

"तेच तं भेव हाय. बाहेरून फुलं वाहा. ओलं काई करू नोको. आन सांजच्याले कुलूप."

"लक्षात घ्या," मी सरांच्या नाकातून म्हनलं, "कुलूप लागेल."

मामा हसले आन गेले.

आता खरं सांगतो, आमाले कोनाले पूजाबिजा नव्हती करायची. आमाले करायची होती मजाक. आठदहा पोट्टे, टेबलावर सतरंजी, सीआरओच्या गळ्यात झेंडूचा हार. मी उपरनं पांघरलं, आन गावच्या भटजीचा डबा घातला गळ्यात. ते शब्द गिळत गिळत मंत्र म्हनत, मधीच "दक्षिना कुठी हाय" असं इचारत, मंग पुन्हा मंत्र. पोट्टे पोट धरून लोळले. त्या हसन्यानं मले आनखी चेव आला. म्हनलं, थोरल्याची झाली, धाकट्यायनं काय पाप केलं? चारी डबे बाहेर काढले. ओळीनं ठेवले.

कुंकवाचं बोट घेतलं आन अडलो. डब्याले कपाळ कुठी असते?

माहा जोडीदार धनज गावचा. वर्गात पयला, आन मजाकीतही सीरियस. तो म्हने, "समोर बटनं हायेत, तिथं नोको. नांगर पुजतो तवा दांडीले लावतो का कुंकू? फाळाले लावतो. जे जमिनीत जाते त्याले."

साऱ्यायले पटलं. डब्याची जी बाजू मशीनीत जाते, तिथं मागं सोळा सोनेरी दात हायेत. ते तिथला फाळ. मी तेलात कालवलेलं कुंकू बोटानं चारी डब्यांच्या दातांवर ओढलं, चांगलं ठसठशीत, आडवं. वरून हळद. वरून झेंडूचं फूल पान्यात बुडवून शिंपडलं. अक्षता फेकल्या. मामा काय म्हनले होते, ते त्या टायमाले माह्या डोस्क्यात नव्हतं. होतं, पन भटजी जोरात बोलत होता.

मंग कोनीतरी म्हनलं, "आता देव जागा कर." मी दोनरेघी डबा आत ढकलला. जरा चिकट गेला. बटन दाबलं.

पंखा. लाल व्हॉल्व. पोट्टे मंत्र म्हनून राह्यले होते, मी हात वर करून गप केलं. खट्.

रेघ आली. थरथरली. वर उडाली, काचेबाहेर गेली, खाली आपटली. आन वास आला. फोडनीत हळद जळाली का येते तसा. डब्याच्या मागून धुराची एक बारीक दोरी निघाली.

मी बटन बंद केलं. कोनी हसलं नाई. पाच मिनिटांत खोलीत मी आन धनजवाला, दोघंच उरलो.

"तेरवा येऊन राह्यली कमिटी," तो म्हने.

"माहीत हाय."

"चावी मामाच्या नावावर हाय."

"माहीत हाय बे!"

आमी दोघांनी इचार केला. खरं बोलाचं तं सर गावाले. दुरुस्ती कराले वाशीमात रेडिओवाला होता, पन त्यानं मागं कॉलेजचा रेडिओ असा दुरुस्त केला होता का त्यातून आता फक्त खरखर येई. आन काई न करता गप बसाचं, तं तेरवा सर बटन दाबतीन, धूर निघीन, रजिस्टर उघडतीन, आन मामा घरी.

धनजवाल्याले आठवलं, पेटीत एक फाइल आली होती. कपाटातून काढली. इंग्रजीत टाइप केलेले पिवळे कागद, त्या प्रयोगशाळेतल्या कोन्या मेकॅनिकनं लिहिलेले. तो बोट ठेवून वाचत गेला. तेराव्या पानावर थांबला. पुन्हा वाचलं. डिक्शनरी काढली. तिसऱ्यांदा वाचलं.

"काय लिवलं?"

"डबा लय घान झाला तं धुवा म्हनते."

"काय धुवा?"

"डबा. साबनाच्या पान्यानं. मंग साध्या पान्यानं खंगाळा. मंग भट्टीत वाळवा, पन्नास डिग्रीच्या वर नोको, चांगला दिवसभर."

"बे, मजाक केली अशीन कोनी."

"सारेच तुह्यासारखे नसतेत," तो म्हने.

दसऱ्याच्या दिवशी सारं गाव आपट्याच्या पानाच्या गडबडीत होतं. कॉलेजात चौकीदाराशिवाय चिटपाखरू नाई. सकाळी नवालेच आमी मागच्या बाजूनं लॅबमधी घुसलो, दार आतून लावलं. साबनाचा धनजवाल्याले भरोसा नव्हता. त्याच्या मायनं दागिने धुवासाठी ठेवलेले रिठे तो घेऊन आला होता. "सोनार सोनं यानंच धुते. दात सोन्याचेच हायेत ना?"

रिठे भिजवले, फेस काढला. मी पयला डबा उचलला. आत पाहा तं काय, बारीक बारीक चिनीमातीच्या पट्ट्या, त्यावर रंगीत ठिपक्यांचे तुकडे ओळीनं, तारा अशा सरळ बांधलेल्या का कोन्या सुतारानं फूटपट्टीनं ठेवल्या असतीन. कोनाचे तरी हात याच्यावर महिनोनमहिने लागले होते. आन मी त्याच्यावर भटजी नाचवला होता. व्हॉल्व एकेक करून ओढून काढले, कोनचा कुठचा ते कागदावर लिहून. मंग देवाचं नाव घेतलं, या टायमाले खरं, आन डबा बादलीत बुडवला.

मले अजूनही तो बुडबुड आवाज आयकू येते.

चवथा डबा खंगाळत असताना दारावर काठी वाजली. चौकीदार.

"कोन हाय आत? पानी कायचं वाजून राह्यलं?"

धनजवाला पांढरा फटक पडला. माह्या हातातून फेस गळून राह्यला होता. मी इचारच नाई केला. तोंड आपोआप उघडलं.

"मी आहे," मी नाकातून म्हनलं. "काम चालू आहे. लक्षात घ्या, कोणाला आत सोडू नका."

बाहेर दोन पायांच्या टाचा जुळल्या. "जी सर. दसऱ्याचा नमस्कार सर."

"नमस्कार."

काठी दूर गेली. धनजवाल्यानं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी बादलीत आनखी काईतरी बुडवलं. "सर गावाले हायेत, हे त्याले माहीत नाई काय?"

"नसन."

"आन सर आल्यावर त्यानं इचारलं तं?"

मी हात पुसून थोरल्याकडं वळलो. मोठ्या मशीनीचं भगदाड उघडं होतं. त्याच्या आतल्या खोबणीतही कुंकू चिकटलं होतं. केमिस्ट्रीतून स्पिरिट आनलं, दात घासाच्या ब्रशनं घासघास घासलं. ब्रश लाल झाला.

भट्टी कुठी मिळनार? आमच्या गावात भट्टी म्हनजे बस स्टँडमागच्या बेकरीची. बेकरीवाले चाचा पहाटे पाव काढत, दुपारी भट्टी नुसती गरम राहे. आमी चार डबे दोन पोत्यांत घालून सायकलवर नेले. वाटेत दोघातिघांनी सोनं म्हनून आपट्याची पानं हातात देल्ली. एका हातानं सायकल, एका हातात पानं, आन पोत्यातून टपटप पानी.

चाचांनी पोतं उघडून आत पाह्यलं. "ये क्या है?"

"चाचा, कॉलेज का मशीन है. सुखाना है."

"मियाँ, इसमें पाव सिकते हैं. रेडियो नहीं."

"चाचा, मशीन बिगडली तं एका मानसाची नोकरी जाईन."

"किसकी?"

"मामाची. जऊळक्याचे. तुमच्याकडून रोज दोन टोस्ट घेऊन जातेत गाडीत खायाले."

चाचांनी पोतं बाजूले सारलं. मंग बाही वर करून हात सरळ भट्टीत घातला. मोठ्यानं मोजाले लागले, एक, दो, तीन. वीसपर्यंत हात आत होता. बाहेर काढून आमाले दाखवला. "अंडा रखूँ तो चूजा निकले, इतनी गर्मी है. चलेगा?"

धनजवाल्यानं फाइल पाह्यली. चाचांच्या हाताची डिग्री त्यात लिवली नव्हती. "चलेगा," तो म्हने, पन आवाज त्याचा नव्हता.

पाव ठेवाच्या फळ्यांवर चारी डबे आत सरकवले. चाचा दर अर्ध्या घंट्यानं हात घालून पाहत, आन एकदा ओरडलेच, "अरे, पीछे की दीवार गरम है, इसे घुमाओ!" आमी धावलो. दोनरेघी डब्याचा कोपरा भिंतीले लागला होता. बोटं भाजत फिरवला. त्या दिवशी सांजपर्यंत आमी भट्टीसमोर बसून होतो. बाहेर सीमोल्लंघनाचे ढोल वाजून राह्यले होते. मी एकही नक्कल केली नाई. चाचा म्हनले, "ये लडका बीमार है क्या?"

दुसऱ्या दिवशी दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवले. एकजन राखनाले, कारन गच्चीवर वानरं येत. दुपारी चारले डबे लॅबमधी आनून व्हॉल्व बसवले, एकेक लावून पाह्यले. साधा, खट्, रेघ. बारीक, खट्, रेघ. घाईचा, खट्, रेघ. माह्या पाठीवरून घाम गळून राह्यला होता. दोनरेघी, खट्. दोन रेघा आल्या. एक जागेवर राह्यली. दुसरी मुंगीसारखी हळू हळू वर चढत गेली, काचेच्या कडेपर्यंत, आन बाहेर.

पुन्हा पाह्यलं. पुन्हा चढली.

"कमिटी दोन रेघा मागनार नाई," मी म्हनलं. आमी तो डबा कपाटात साऱ्यात खाली, फायलींच्या मागं ठेवून देल्ला. कुलूप लावून चावी ऑफिसात देल्ली. त्याच सांजच्याले सर गावाहून आले.

कमिटीच्या दिवशी सकाळी मामा नागपूरहून सरळ कॉलेजात आले. तेच पांढरे कपडे, प्रवासात चुरगळलेले. ऑफिसातून चावी घेऊन कमरेले बांधली, मंग पिशवीतून दोन संत्री काढून माह्या हातात देल्ली. "चावी सांभायली म्हनून."

मले तवाच सांगाले पाहिजे होतं. तोंड उघडलं. "मामा, ते..."

"मंग बोल. गाडी उभी हाय त्यायची बाहेर." मामा टेबल पुसाले गेले. मी संत्री खिशात घातली. दोन्ही खिसे फुगले.

कमिटीत तिघं जन होते. दोघं कागदच पाहत होते. तिसरे म्हातारे, पांढरी टोपी, हातात वही, आन बोलनं असं का सुरुवात पुस्तकी आन शेवट वऱ्हाडी. सरांनी आमाले दोघांले मदतीले म्हनून उभं केलं होतं. चौकीदार दारात, इस्त्रीचा सदरा घालून.

सरांनी बटन दाबलं. पंखा. व्हॉल्व. तीस सेकंद. टोपीवाले घड्याळ पाहत होते. माह्या खिशातलं संत्रं मी एवढं दाबलं का त्याचा रस बोटाले लागला. खट्. रेघ. एकदम सरळ, हिरवी, वखरानं ओढल्यासारखी.

"छान," टोपीवाले म्हनले. "अन् दोन संकेत संगसंग दाखवता येतात का? आमच्या अभ्यासक्रमात तेच लय महत्त्वाचं हाये."

"अर्थात," सर म्हनले. "मामा, दोनरेघी द्या."

मामानी कपाट उघडलं. जागेवर नव्हता. वाकून, फायली बाजूले करून काढला. हातात घेतल्यावर थांबले. डबा लख्ख होता. मामानी तो नाकापाशी नेला. रिठ्याचा आन ताज्या पावाचा वास. त्यायनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं. एवढंच. मंग मशीन बंद करून साठ मोजाले लागले. कागदवाल्यांपैकी एकजन म्हनले, "अहो, लवकर करा."

"साठ होऊ द्या साहेब," मामा म्हनले. "त्याले घाई चालत नाई."

डबा घातला. खट्. दोन रेघा. एक उभी राह्यली, दुसरी चढाले लागली. सरांनी बटनं फिरवली. चढतच गेली. टोपीवाल्यांनी सोताच डबा काढाले सांगितला, उलटा केला, दातांच्या फटीत नख घातलं. नख लाल निघालं. आन फटीतून तांदळाचा एक दाना टेबलावर पडला. टिक्.

"कुंकू," ते म्हनले. "अन् अक्षता."

सरांचा चेहरा पांढरा झाला. "मामा. चावी कोणाकडे होती?"

"माह्याकडं सर."

"दसऱ्याला आत कोण आलं होतं?"

मामा डब्याकडंच पाहत राह्यले. त्यायनं माह्याकडं पाह्यलंबी नाई. तेवढ्यात दारातून चौकीदार मदतीले धावला. "सर, दसऱ्याले तं तुमीच आत होते ना! पानी वाजून राह्यलं होतं. मी नमस्कार केला, तुमी म्हनले काम चालू हाय."

"मी? मी दसऱ्याला घरी होतो. दोनशे कोसांवर."

खोलीत पंखाही बंद होता. कागदवाल्या दोघांनी कागद खाली ठेवले. मामाले समजलं होतं, आवाज कोनाचा. माह्या नकला त्यायच्याइतक्या कोनालेच माहीत नव्हत्या. तरी ते म्हनले, "चावी माह्या नावावर व्हती सर. जे झालं ते माह्यावर."

टोपीवाल्यांनी वही उघडली. पेनाचं टोपन काढलं. त्यायच्या वहीत वर लिहिलं होतं, परिचर, पद एक. मले उलटं वाचता येत होतं.

मी पुढं झालो. सांगाचं होतं, सर, मी. पन भेवानं माह्या गळ्यात जो डबा अडकला होता तोच वाजला. नाकातून, चांगला मोठ्यानं:

"लक्षात घ्या, मामांचा दोष नाही!"

"हाच!" चौकीदार उडालाच. "हाच आवाज! देवाशप्पथ!"

सरांनी माह्याकडं पाह्यलं. एखाद्यानं आरशात पाहावं आन आरशानं आधी तोंड उघडावं, तसे. मी खोकललो. मंग माह्या सोताच्या आवाजात सांगितलं, तो चिरकला होता. भटजीपासून भट्टीपर्यंत सारं. मामा ओलं करू नोको म्हनले होते, हेबी. धनजवाला माह्या शेजारी येऊन उभा राह्यला.

टोपीवाल्यांनी एकच इचारलं. "समोर एवढी जागा असून कुंकू पाठीमागं काहून लावलं?"

"फाळाले लावतेत ना साहेब. जे आत जाते त्याले."

त्यायनं नखावरचं कुंकू रुमालाले पुसलं. मंग मामाकडं वळले. "यायनं धुतलं ते बरोबर केलं का?"

सारे मामाकडं पाहाले लागले. मामा म्हनले, "कागदात तसंच लिवलं हाय साहेब, सरांनी वाचून दाखवलं होतं. धुनं बरोबर, घाई चूक. रिठ्याचा चिकटा दातांच्या बुडात राह्यला. तो करंट गळवते, म्हनून रेघ चढते. मशीन बिघडली नाई."

"दुरुस्त होईल?"

"स्पिरिट आना," मामा मले म्हनले. नाव न घेता, न पाहता.

त्या चुरगळलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून मामा खिडकीपाशी बसले. काडीले कापूस गुंडाळला, एकेक दात पुसला, सोळाच्या सोळा, दोन्ही बाजूंनी. कापूस आधी गुलाबी निघे, मंग पिवळा, मंग पांढरा. उन्हात धरून फुंकर घातली. कोनी घाई करा म्हनलं नाई. पाव घंटा लागला. डबा घातला, बटन दाबलं.

तीस सेकंद. तसे तीस सेकंद मी पुन्हा कधी मोजले नाईत.

खट्.

दोन रेघा. दुसरी जरा चढली. मंग थांबली. आन जागेवर उभी राह्यली, पयलीच्या बरोबरीनं.

टोपीवाल्यांनी वहीत काईतरी लिहिलं. मी एवढंच पाह्यलं का 'परिचर, पद एक' हे खोडलं नाई.

मंजुरी आली, मामाची जागा कायम झाली. मले आन धनजवाल्याले सरांनी दिवाळीपर्यंत लॅबबाहेर ठेवलं. पन ते सारं नंतरचं. त्या दिवशी कमिटीची गाडी गेल्यावर मी मामाजवळ गेलो. मामा चावी कमरेले बांधत होते, दोन गाठी.

"मामा, माफ करा."

"तू बोलला, बरं केलं," ते म्हनले. "नसता बोलला तरी मी तुह्यं नाव घेतलं नसतं. पर मंग तुह्यं तोंडबी पाह्यलं नसतं." आन हात पुढं केला. "संत्री खाल्ली?"

"नाई."

"दे इकडं."

एक फुटलेलं होतं, एक साबूत. दोन्ही देल्ली. मामा लॅबच्या पायरीवर बसले, साबूत संत्रं सोललं, आन माह्यासमोर एकेक फोड करून सारं खाल्लं. मले एकही फोड देल्ली नाई. फुटलेलं धनजवाल्याच्या हातावर ठेवलं. साली गोळा करून उठले, कुलूप ओढून पाह्यलं, आन पॅसेंजर गाठाले निघाले, चपला हातात घेऊन.

नंतर दोन वर्सं मी त्या कॉलेजात होतो. मामा माह्याशी बोलत, हसत, नक्कल कर म्हनत. पन लॅबची चावी त्यायनं माह्या हातात पुन्हा ठेवली नाई. पुढल्या खंडेनवमीले नागपूरची गाडी पकडाच्या आधी ती त्यायनं धनजवाल्याले देल्ली, आन माह्यादेखत त्याले म्हनले, "याले आत घेजो. पर हात मागं बांधून."